दोन तारा आणि साठ ओहम

महाराष्ट्रात खोदकामाचं मोठं यंत्र साइटवर आलं की ते ‘पोकलेन’च असतं, मग त्याच्यावर नाव जपानी कंपनीचं असो की कोरियन. फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव मराठीनं असं कायमचं ठेवून घेतलं. जुन्या पोकलेनवर हात बसलेला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. धूर काळा की पांढरा, पंप कण्हतो की किंचाळतो, यावरून निदान व्हायचं. आजच्या यंत्रात मात्र एक बिघाड असा होतो की ज्याला ना आवाज, ना धूर, ना वास. इंजिन ठीक, पंप ठीक, सेन्सरही ठीक. तरी यंत्र जागचं हलत नाही. त्याच्या पोटातले संगणक एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात.

हे संगणक यंत्रात शिरले ते इंजिनाच्या वाटेनं. डिझेल किती आणि कधी सोडायचं हे अनेक दशकं यांत्रिक पंप ठरवत होता. जर्मनीच्या बॉश कंपनीनं असे पंप १९२७ पासून कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. १९८५ साली अमेरिकेत डेट्रॉइट डिझेलनं आपल्या जड इंजिनांवर ते काम इलेक्ट्रॉनिक पेटीकडे सोपवलं. त्या काळी बिघाड वाचायला पडदा नव्हता. डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकायचा, मेकॅनिक ते मोजायचा आणि पुस्तकात तो आकडा शोधायचा.

एक पेटी होती तोवर हे पुरत होतं. पुढे गिअरबॉक्सला पेटी आली, हायड्रॉलिकला आली, केबिनमधल्या डिस्प्लेला आली. प्रत्येकीला इंजिनाचा वेग हवा, तापमान हवं, ऑइलचा दाब हवा. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार ओढायची तर मनगटाएवढी जाड वायरिंग झाली असती.

यावरचा उपाय बॉशमध्येच, १९८३ च्या सुमारास, मोटारींसाठी शोधायला सुरुवात झाली. उवे कीन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत तो मांडला. त्याचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच ‘कॅन’. सगळ्या पेट्या एकाच जोडतारेवर बसतात आणि कुणीही केव्हाही बोलू शकतो. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान त्याचं बोलणं न तुटता पुढे जातं आणि दुसरा गप्प राहून आपली पाळी येण्याची वाट बघतो. त्याहून देखणी गोष्ट पुढे आहे. प्रत्येक पेटी आपल्या चुका मोजत असते आणि फारच चुका झाल्या की स्वतःहून तारेवरून बाजूला होते, म्हणजे एका आजारी पेटीमुळे सगळ्यांचा संवाद बुडत नाही. इंटेलनं यासाठीची पहिली चिप १९८७ साली काढली आणि १९९३ मध्ये ‘आयएसओ ११८९८’ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. जड वाहनांत त्याआधी सेकंदाला ९,६०० बिट वाहणारी ‘जे-१७०८’ ही व्यवस्था होती. अमेरिकेतल्या एसएई संस्थेनं कॅनच्या पायावर ‘जे-१९३९’ उभं केलं आणि हा वेग अडीच लाख बिटांवर गेला. ट्रक, डोझर, ग्रेडर, ट्रॅक्टर असे सगळे एका भाषेत बोलू लागले.

ही भाषा वाहणाऱ्या दोन तारा, बहुतेक वेळा एक पिवळी आणि एक हिरवी, एकमेकींना पीळ घालून नेतात. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली: अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळातल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोघींतला फरक तेवढा वाचला की तो आपोआप वजा होतो. अल्टरनेटर आणि स्टार्टर यांच्या शेजारी राहणाऱ्या तारांना हे संरक्षण लागतंच. तारेच्या उघड्या टोकावर आदळून संदेश प्रतिध्वनीसारखा परतू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवतात.

मेकॅनिकची सगळी शोधाशोध या दोन रोधकांपासून सुरू होते. बॅटरी तोडायची, नऊ पिनांच्या गोल सॉकेटमधल्या सी आणि डी या पिनांना मल्टीमीटर लावायचा. दोन रोधक समांतर जोडलेले, म्हणून ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक रोधक गळालाय किंवा तार मध्येच तुटलीय. ४० दिसले तर कुणीतरी तिसरा रोधक जोडून ठेवलाय. शून्याच्या जवळ आकडा आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. मग मीटर तसाच ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हातानं हलवत जायचं. जिथे आकडा उडी मारतो तिथे बिघाड. कानाला स्क्रूड्रायव्हर लावणाऱ्या मिस्त्रीचं काम आणि हे काम एकाच जातीचं आहे.

बिघाडाचे कोड वाचणारा लॅपटॉप मात्र इथे हमखास चकवतो. एका ठिकाणी तार तुटली की पलीकडच्या प्रत्येक पेटीला माहिती मिळेनाशी होते आणि जी ती आपापली तक्रार नोंदवते. पडद्यावर डझनभर कोड उमटतात. त्यातला ६३९ हा क्रमांक खुद्द नेटवर्ककडेच बोट दाखवतो, पण गर्दीत तो नजरेतून निसटतो. मग घाईनं महागडी पेटी बदलली जाते आणि घासलेली तार तशीच राहते. चांगल्या पेट्या अशा भंगारात जाणं हे या व्यवसायातलं मोठं आणि टाळता येण्याजोगं नुकसान आहे.

भारतात बांधकाम यंत्रांसाठी धुराचे कडक नियम २०११ मध्ये आले आणि एप्रिल २०२१ पासून चाकांच्या यंत्रांना त्याहून कडक टप्पा लागू झाला. त्याबरोबर कॉमन रेल इंजिन, सेन्सर आणि पेट्या गावागावांतल्या यंत्रांत पोचल्या. यंत्रं तीच खडतर कामं करत राहिली. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, पिनांवर हिरवट थर चढतो. उभ्या यंत्रात उंदीर तारा कुरतडतात. बॅटरी न तोडताच बकेटला वेल्डिंग केलं जातं आणि तो प्रवाह पेट्यांपर्यंत जाऊन त्या जाळतो.

कोड वाचण्याचं सॉफ्टवेअर बहुधा कंपनीच्या ताब्यात असतं, म्हणून तालुक्याच्या मेकॅनिकला कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा वाहनं आणि शेतीची अवजारं दोन्ही तिच्या विषयांत होती. साठ ओहम मोजायला मात्र कुणाचा पासवर्ड लागत नाही.

पुढे जे-१९३९ चा वेग दुप्पट, पाच लाख बिटांचा झाला आणि नवी अडचण उभी राहिली. जुन्या वेगानं बोलणारं उपकरण नव्या यंत्राला जोडलं तर तारेवरचा सगळा संवादच विस्कटतो. त्यावर काढलेला तोडगा अस्सल वर्कशॉपमधला आहे. नवं सॉकेट काळ्याऐवजी हिरवं केलं आणि त्यातलं एका पिनेचं भोक बारीक ठेवलं. नवी केबल दोन्ही सॉकेटांत बसते. जुनी काळी केबल हिरव्यात कितीही दाबली तरी आत जात नाही.