क्रिएटिन, कॉफी आणि नऊ स्वयंसेवक

अकरावी-बारावीच्या वर्गात हल्ली व्यायामशाळेत जाणारी दोन-चार मुले तरी असतातच. स्नायू वाढवण्याच्या गप्पा निघाल्या की त्यांच्याकडून एक नियम हमखास ऐकायला मिळतो: क्रिएटिनची पूड सुरू असेल तर कॉफी बंद ठेवायची, कारण कॉफीमुळे क्रिएटिन अंगी लागत नाही. हा नियम आला कोठून? बहुतेक अशा नियमांचा माग लागत नाही. याचा मात्र लागतो, आणि तो आपल्याला १९९६ सालच्या एका शोधनिबंधापर्यंत नेऊन पोचवतो. पण त्याआधी या दोन पदार्थांची ओळख करून घेऊ.

कॅफिन वेगळे केले ते फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ साली. बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, हे त्याने महाकवी गटेला दाखवले. गटेने खूश होऊन त्याला कॉफीच्या बिया दिल्या आणि यांचेही पृथक्करण करून पाहा, असे सुचवले. क्रिएटिन सापडले १८३२ मध्ये, फ्रान्समध्ये. शेव्हरल यांना ते मांसाच्या रश्शात मिळाले, आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले. पुढे १८४७ मध्ये लीबिग यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे मांस तपासले, तेव्हा शिकारीत धावून मेलेल्या कोल्ह्यांच्या मांसात पाळून ठेवलेल्या कोल्ह्यापेक्षा दहापट क्रिएटिन आढळल्याचे त्यांनी नोंदवले. श्रमाने क्रिएटिन साठते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्यायामाने स्नायूंतले क्रिएटिन दहापट होत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. थोड्या नमुन्यांवरून मोठा नियम बांधण्याची सवय या विषयाला पहिल्यापासूनच आहे, असे म्हणावे लागते.

क्रिएटिन स्नायूंत नेमके करते काय, हे कळायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली, आणि त्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ मध्ये बोस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची एक सोपी पद्धत बसवली. द्रावणात मॉलिब्डेट घालायचे, निळा रंग येऊ द्यायचा आणि तो किती गडद आहे ते पाहायचे. ही पद्धत १९२५ साली प्रसिद्ध झाली. पण स्नायूंचा अर्क घेतला की रंग वेळेवर येईना. तो हळूहळू गडद होत जाई. दुसऱ्या एखाद्याने हा पद्धतीतला दोष समजून सोडून दिला असता. या दोघांनी उशीर का होतो याचाच पाठपुरावा केला, आणि फॉस्फेटला क्रिएटिन जोडलेले एक नाजूक संयुग आम्लात सावकाश फुटत आहे, असा उलगडा झाला. हेच फॉस्फोक्रिएटिन. त्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही ते स्वतंत्रपणे सापडले. स्नायू काम करू लागला की ते घटते आणि विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येते.

त्याचे काम आज आपण असे सांगतो: स्नायूंचे आकुंचन एटीपीवर चालते, पण स्नायूंतला एटीपीचा साठा जोरदार कामात काही सेकंदांपुरताच असतो. वापरलेल्या एटीपीला फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन ताबडतोब पुन्हा भरते. वेगवान धाव, वजन उचलणे, थोडी उसंत घेऊन पुन्हा जोर लावणे, या कामांत म्हणूनच त्याचे महत्त्व. शरीर रोज सुमारे एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करते. मांसाहार करणाऱ्यांना साधारण तितकेच अन्नातूनही मिळते.

बाहेरून पूड दिली तर स्नायूंतला साठा वाढतो, हे स्पष्टपणे दाखवले हॅरिस, सोडरलुंड आणि हल्टमन यांनी १९९२ मध्ये. पाच-पाच ग्रॅम, दिवसातून चार ते सहा वेळा. ज्यांच्या स्नायूंत मुळात कमी होते त्यांच्यात वाढ जास्त झाली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच क्रिएटिनचे डबे दुकानांत दिसू लागले. कॅफिनचा मान तर आधीच सिद्ध झाला होता. कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये नऊ सायकलपटूंना ३३० मिलिग्रॅम कॅफिन दिले, तेव्हा ते थकेपर्यंत सरासरी ९० मिनिटे सायकल चालवू शकले. एरवी ७५ मिनिटे. साहजिकच प्रश्न पडला: एकाने दम वाढतो, दुसऱ्याने जोर, दोन्ही मिळून घेतले तर?

बेल्जियममधील ल्यूव्हनच्या गटाने हेच पाहिले. स्वयंसेवक होते नऊ, सगळे निरोगी पुरुष. सहा दिवस एकदा निष्क्रिय पूड, एकदा शरीराच्या दर किलोमागे रोज अर्धा ग्रॅम क्रिएटिन, आणि एकदा तेवढेच क्रिएटिन अधिक दर किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅफिन. साठ किलोच्या माणसाला हे ३० ग्रॅम क्रिएटिन आणि ३०० मिलिग्रॅम कॅफिन होते. म्हणजे कडक कॉफीचे तीन-चार कप. गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचा जोर यंत्रावर मोजला. नुसत्या क्रिएटिनने तो १० ते २३ टक्क्यांनी वाढला. कॅफिन जोडले तेव्हा काहीच वाढला नाही.

हाच तो १९९६ चा निबंध, आणि हीच आपल्या मुलांच्या नियमाची गंगोत्री. पण निबंधातला दुसरा आकडा वाटेत गळून पडला. पोटरीच्या स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन चुंबकीय अनुस्पंदनाने मोजले होते, आणि ते दोन्ही वेळा सारखेच, ४ ते ६ टक्क्यांनी वाढले होते. म्हणजे कॉफीने क्रिएटिनची वाट अडवली नव्हती. ते स्नायूंत पोचले होते. फक्त उपयोगी पडले नव्हते. ‘अंगी लागत नाही’ हे स्पष्टीकरण ज्या प्रयोगाच्या नावावर सांगितले जाते, त्याच प्रयोगाने ते खोडले आहे! गंमत अशी की सुरुवातीच्या काही प्रयोगांत क्रिएटिन विरघळवून देण्यासाठी गरम चहा-कॉफीच वापरली जात होती, आणि तरीही परिणाम दिसला होता.

मग अडले कोठे? त्याच गटातील हेस्पेल यांनी २००२ मध्ये एक सुरेख प्रयोग केला. आपण आकुंचनाकडेच लक्ष देतो, पण स्नायूला सैलही व्हावे लागते. आकुंचनासाठी पेशीत सोडलेले कॅल्शियम परत कोठारात ओढून न्यावे लागते, आणि या उपशाला एटीपी खर्ची पडतो. दहा स्वयंसेवकांच्या मांडीच्या स्नायूला विजेचे झटके देऊन, तो सैल व्हायला किती वेळ लागतो हे त्यांनी मोजले. क्रिएटिनने हा वेळ सुमारे ५ टक्क्यांनी घटला. तीन दिवस रोज कॅफिन घेतल्यावर सुमारे १० टक्क्यांनी वाढला, विशेषतः स्नायू थकत गेला तसा. दोन्ही मिळून घेतले तर फरक नाही. आणि चाचणीआधी एकदाच कॅफिन घेतले, तरीही फरक नाही.

या शेवटच्या वाक्यात सगळी गोम आहे. रोजचे कॅफिन आणि एका वेळचे कॅफिन ही स्नायूच्या दृष्टीने वेगळी प्रकरणे दिसतात. त्याच वर्षी डोहर्टी यांच्या गटाने चौदा सरावलेल्या पुरुषांना आधी क्रिएटिन दिले आणि शेवटी, धावण्यापूर्वी, एकदाच कॅफिन दिले; ते अधिक वेळ धावू शकले. एका वेळच्या कॅफिनचा हा फायदा मुख्यतः मेंदूतून येतो, असे मानतात. थकव्याची जाणीव करून देणाऱ्या अडेनोसिनची जागा तेथे कॅफिन अडवते.

१९९६ च्या प्रयोगावर आणखी एक आक्षेप आहे. त्याच माणसांवर आळीपाळीने प्रयोग करताना मध्ये तीन आठवड्यांचीच विश्रांती होती, आणि स्नायूंत साठलेले क्रिएटिन ओसरायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. २०१६ मध्ये ट्रेक्सलर आणि सहकाऱ्यांनी ५४ पुरुषांना पाच दिवस नुसते क्रिएटिन, क्रिएटिन-कॅफिन, क्रिएटिन-कॉफी किंवा निष्क्रिय पूड देऊन पाहिले. गटागटांत फरक आढळला नाही. क्रिएटिन-कॅफिनच्या गटातील काहींना पोटाचा किरकोळ त्रास मात्र झाला. पण त्या प्रयोगात नुसत्या क्रिएटिनचाही फायदा दिसला नव्हता, तेव्हा कॅफिनने तो घालवला की नाही, याचा निकाल त्यातून कसा लागणार?

स्पर्धांच्या नियमांतही या दोघांची वाट वेगळी राहिली. क्रिएटिनवर कधीच बंदी आली नाही. कॅफिनवर लघवीत दर मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमची मर्यादा होती. ती २००४ मध्ये उठली.

वर्गातल्या मुलाने विचारले तर आम्ही सांगू की सकाळच्या एका कप कॉफीने क्रिएटिन वाया जाते, असे कोणी दाखवलेले नाही. रोज तीन-चार कडक कप आणि भरपूर क्रिएटिन एकत्र घेतले तर काय होते, याचे उत्तर थोड्याच माणसांवरील प्रयोगांतून आलेले आणि परस्परविरोधी आहे. वर जे प्रयोग सांगितले ते प्रौढांवरचे आहेत, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांवरचे नाहीत, हेही त्याच वेळी सांगावे. मग फळ्यावर १९९६ चे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत, जोराचा आणि फॉस्फोक्रिएटिनचा, आणि नियम यांपैकी कोणत्या आकड्यावरून निघाला असेल हे मुलांनाच विचारावे.