रुमालाखालचा सौदा

बैलांच्या बाजारात ज्यांनी एखादी सकाळ घालविली असेल, त्यांना ते दृश्य विसरता यायचे नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात. दोघांचे हात एकाच उपरण्याखाली दडलेले असतात. आणि तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात. भाव ठरतो तो बोटांनी. भोवती जमलेल्या बघ्यांना कळते ते एवढेच की, दावे एका हातातून दुसऱ्या हातात गेले. किंमत विचारणे शिष्टाचाराला धरून नाही, आणि आपण होऊन सांगणे तर नाहीच नाही.

२०१८ साली असाच एक सौदा साता समुद्रांपलीकडे झाला. जनावर मात्र लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे होते. १९६३ साली बांधलेली, रुपेरी रंगाची आणि अंगावर पिवळा पट्टा ल्यालेली एक फेरारी मोटार एका जर्मन मालकाकडून एका अमेरिकन उद्योगपतीकडे गेली. लिलाव नाही, दवंडी नाही. दोघांपैकी कोणीही पावती चव्हाट्यावर मांडली नाही. तरीही वृत्तपत्रांनी आकडा हुडकून काढला : सुमारे सात कोटी डॉलर! तोवर कोणत्याही मोटारीला एवढी किंमत आल्याचे ऐकिवात नव्हते. त्या मोटारीचे नाव फेरारी २५० जी. टी. ओ. आणि मौज अशी की, हिचीच भावंडे एके काळी दहा हजार डॉलरांच्या आतही कोणी घेईना.

हा फरक कसा पडला, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

इटलीतील मोडेना शहराजवळ मारानेल्लो नावाचे गाव आहे. एन्झो फेरारी यांचा कारखाना तेथला. १९६१ साली त्यांच्यापुढे पेच पडला तो असा : पुढच्या वर्षापासून जागतिक अजिंक्यपद ‘ग्रँड टूरिंग’ वर्गाच्या गाड्यांना, म्हणजे रस्त्यावरही चालतील आणि शर्यतीतही पळतील अशा गाड्यांना, मिळायचे होते. तेव्हा या वर्गात अजिंक्य ठरेल अशी गाडी हवी होती. जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याने काम हाती घेतले. पण त्याच वर्षाच्या अखेरीस कारखान्यात मोठे भांडण झाले, आणि बिझ्झारिनींसह अनेक जाणती माणसे एकदमच बाहेर पडली. मालकाच्या पत्नीची कारभारातील ढवळाढवळ हे त्या भांडणाचे एक कारण सांगतात. घरचे आणि दुकानचे एकत्र झाले की काय होते, हे आपल्याकडच्या पेढीवाल्यांना वेगळे सांगायला नको! अर्धवट राहिलेले काम मौरो फोर्गिएरी या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या गळ्यात पडले, आणि सर्ज्यो स्काल्येत्ती या कुशल कारागिराने गाडीचा पत्रा घडविला. ॲल्युमिनियमचा तो पत्रा हाताने ठोकून बसविलेला असल्यामुळे कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत.

नावातले २५० म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ. बारा सिलिंडर मिळून इंजिन तीन लिटरांचे, आणि ताकद सुमारे तीनशे अश्वशक्ती. जी. टी. ओ. ही आद्याक्षरे ‘ग्रान तुरिझ्मो ओमोलोगातो’ या इटालियन शब्दांची. त्यांतला शेवटचा शब्द म्हणजे ‘नियमानुसार मान्यता मिळालेली’. गंमत आहे ती इथेच. नियमाप्रमाणे अशा शंभर गाड्या बांधायला हव्या होत्या. फेरारींनी १९६२ ते १९६४ या काळात बांधल्या अवघ्या छत्तीस. ही काही नवी गाडी नव्हे, आमच्या जुन्याच गाडीची ही सुधारलेली आवृत्ती आहे, असे त्यांनी सांगितले आणि ते मान्यही झाले. ज्या गाडीच्या नावातच ‘नियमानुसार’ आहे, तिचा जन्मच नियमाला बगल देऊन झाला. आणि आज तिच्या दुर्मिळपणाचे जे कौतुक होते, त्याचे मूळही त्या बगल देण्यातच आहे.

गाडी मात्र खरोखरच गुणाची निघाली. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेत सेब्रिंग येथे बारा तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए जान्दब्याँ यांनी तिला प्रथमच पळविले, ते थेट दुसऱ्या क्रमांकावर आणले. त्याच वर्षी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या जातीच्या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. १९६२, १९६३ आणि १९६४ अशी सलग तीन वर्षे तिच्या वर्गाचे अजिंक्यपद फेरारीकडेच राहिले. अमेरिकेत तिची किंमत होती सुमारे अठरा हजार डॉलर. पण नुसते पैसे असून भागत नसे. गिऱ्हाईक लायक आहे की नाही, हे खुद्द फेरारी आणि त्यांचे विक्रेते ठरवीत. मुलगी द्यावी तशी गाडी दिली जाई, म्हणाना!

पण शर्यतीच्या गाडीचे तारुण्य फार थोडे. इंजिन चालकाच्या पुढे ठेवण्याचा काळ संपला आणि ते त्याच्या पाठीमागे बसविण्याचा काळ आला. १९६५ साली अजिंक्यपद अमेरिकन कोब्रा गाड्यांनी नेले. जी. टी. ओ. एकाएकी म्हातारी ठरली. आत गालिचा नाही, धड आतला पत्रा झाकायला कापड नाही, आवाज कानठळ्या बसविणारा, उन्हाळ्यात भट्टी. अशी जुनी गाडी घेऊन करायचे काय? साठांच्या दशकाच्या अखेरीस ती हातोहात स्वस्तात जाऊ लागली.

या दिवसांतली एक कथा चटका लावणारी आहे. इंग्लंडमधील शर्यती गाजवून आलेली एक जी. टी. ओ. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या व्हिक्टोरिया गावच्या एका श्रीमंत शर्यतशौकिनाकडे आली. १९६४ साली त्याने ती गावच्या शाळेला दान केली. मोटार-दुरुस्ती शिकणारी मुले तिच्यावर हात साफ करीत. पुढे १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरांना विकून टाकली. ज्याने घेतली त्याने ती ओहायो राज्यात उघड्या माळावर, एका गाड्यावर चढवून ठेवली, आणि ती तेथे पंधराएक वर्षे ऊन, पाऊस, बर्फ खात पडून राहिली. तिचे फोटो आजही पाहायला मिळतात. गवतात रुतलेली चाके आणि उडालेला रंग पाहून मोटारींचे वेड नसलेल्या माणसालाही वाईट वाटते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती तेथून हलली, दुरुस्त झाली, आणि पुन्हा मानाने मिरवू लागली.

शाळेला हसणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र हसू येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांचा भाव कोणाला दिसतो? आपल्या आज्यांनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून स्टीलची घेतली, तेव्हा त्यांनाही कोणी वेडे म्हटले नव्हते. शिवाय त्या मुलांनी निदान तिच्या पोटात काय आहे, हे तरी पाहिले! पुढे सात कुलुपांच्या आड ठेवलेल्या तिच्या बहिणींच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

याच्या उलट उदाहरण निक मेसन यांचे. पिंक फ्लॉइड या गाजलेल्या इंग्रज वाद्यवृंदाचे हे ढोलवादक. १९६२ च्या ल मान्समध्ये तिसरी आलेली गाडी त्यांनी १९७७ साली सुमारे सदतीस हजार पौंडांना घेतली. तेव्हा ती रक्कमही थोडकी नव्हती. पण त्यांनी गाडी झाकून ठेवली नाही. शर्यतींत पळविली, रस्त्यावर फिरविली. ‘जतन’ या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ असा : यंत्र चालते राहील तोवरच ते जपले म्हणायचे.

पुढे भावाला पाय फुटले. १९८८ साली एन्झो फेरारी वारले आणि त्यांच्या जुन्या गाड्यांसाठी जगभर झुंबड उडाली. एकेका जी. टी. ओ. ची किंमत एक कोटी डॉलरांच्या वर गेली. आणि नव्वदांच्या दशकाच्या आरंभी तो फुगा फुटला, तेव्हा तीच गाडी त्याच्या तिसऱ्या हिश्शालाही जाईना. सट्टेवाले पोळले, शौकीन तेवढे टिकले. मग पुन्हा चढण लागली. २०१२ साली स्टर्लिंग मॉस यांच्यासाठी म्हणून फिकट हिरव्या रंगात बांधलेली गाडी खाजगी व्यवहारात साडेतीन कोटी डॉलरांना गेल्याच्या बातम्या आल्या. दैव असे की, एप्रिल १९६२ मध्ये गुडवुड येथे झालेल्या भीषण अपघाताने मॉस यांची कारकीर्दच संपली, आणि ही गाडी शर्यतीत चालविण्याचा योग त्यांना कधी आलाच नाही. त्याच वर्षी, त्याच गुडवुडवर, इनिस आयर्लंड यांनी तिच्यातून टूरिस्ट ट्रॉफी जिंकली. नाव एकाचे राहिले, पराक्रम दुसऱ्याचा.

आता प्रश्न असा की, एवढ्या मोलाची वस्तू चारचौघांत लिलावात न काढता लोक गुपचूप का विकतात? लिलावातही तिला भाव येतो. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एक जी. टी. ओ. चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलरांना विकली गेली. पण लिलावात बोली अपुरी पडली आणि गाडी परत घरी आणावी लागली, तर साऱ्या जगाला कळते. ठरलेले लग्न मोडल्यासारखे होते. पुढचा माणूस आधी ‘का मोडले?’ म्हणून विचारतो. शिवाय गाड्या छत्तीस. मालक सारे एकमेकांना ओळखतात, ठराविक वर्षांनी गाड्या घेऊन एकत्र जमतात. कोण थकला आहे, कोणाची मुले या छंदात नाहीत, हे त्यांना आपोआप कळते. अशा ठिकाणी बोली ओरडून लावण्याची गरज काय? दोन शब्द कानात पुरतात.

पण बोलणी कानात झाली तरी तपासणी मात्र उघड्या डोळ्यांनी होते. सोयरीक जुळविताना आपण कुळी पाहतो, तशी इथे चासीचा क्रमांक पाहतात. इंजिन जन्माचेच आहे की बदललेले? गिअरपेटी कोणती? अपघात किती, कोठे, आणि पत्रा कोणी बदलला? शर्यतींचे जुने फोटो, दुरुस्तीच्या पावत्या, मालकांची क्रमवार यादी, हे सारे कागद मोटारीइतकेच जपून ठेवावे लागतात. कारण मुळातला एखादा तुकडा घेऊन भोवती नवी गाडी उभी करणारे विश्वकर्मेही जगात कमी नाहीत. २०१८ साली विकल्या गेलेल्या त्या रुपेरी गाडीचा भाव एवढा चढला, त्याचे कारण हेच. १९६३ च्या ल मान्समध्ये ती चौथी आली होती, १९६४ ची फ्रान्सची दहा दिवसांची ‘तूर द फ्रान्स’ मोटार-शर्यत तिने जिंकली होती, आणि एवढे करूनही तिला कधी मोठा अपघात झाला नव्हता. पराक्रम गाजवून धड अंगाने घरी आलेला योद्धा विरळाच.

आणि तरीही तो सात कोटींचा आकडा मला खरा इतिहास वाटत नाही. त्या गाडीचा इतिहास म्हणजे स्काल्येत्तींच्या हातोडीचे घाव, पहाटेच्या धुक्यात ल मान्सच्या सरळ रस्त्यावर दिवे लावून धावलेली ती रात्र, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते त्या दिवसांत तिला छपराखाली ठेवणारी अनाम माणसे. त्यांनी भाव पाहून तिला जपले नाही. भाव तेव्हा नव्हताच. त्यांना ती आवडत होती, एवढेच. नंतर जो भाव आला, तो त्यांच्या त्या आवडीवर चढलेले व्याज आहे. आणि ते बहुतेकदा दुसऱ्यांच्याच पदरात पडले.

बाजारातला तो शेतकरीही उपरणे झटकून खांद्यावर टाकतो, नोटा कंबरेला लावतो, आणि निघण्यापूर्वी एकदा बैलाच्या वशिंडावरून हात फिरवितो. त्या वेळी बघे पांगलेले असतात. घेणारा मात्र शहाणा असेल, तर जरा थांबतो आणि विचारतो, “याला खायला काय आवडतं, मालक?” मारानेल्लोच्या त्या म्हाताऱ्या गाडीच्या नव्या धन्यानेही जुन्या धन्याला असेच काही विचारले असेल, अशी आपण आशा करू या.