धरमपेठेतील हॉटेलांचे खरकटे
नागपूरच्या धरमपेठेत, गोकुळपेठ बाजाराच्या आसपास, खाणावळी आणि नाश्त्याची हॉटेले दाटीने आहेत. पूर्वी विदर्भात पंगत पळसाच्या पत्रावळीवर जेवे. जेवण आटोपले की पत्रावळ-द्रोण उष्ट्यासकट गुरांपुढे किंवा उकिरड्यावर जात आणि काही मागे उरत नसे.

थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या तसे खरकटे गुरांच्या कामाचे राहिले नाही. ते एकाच डब्यात पडून भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाऊ लागले. दोष एकट्या प्लास्टिकचा नव्हता. डबे दोन हवेत, हे टेबल पुसणाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे सांगण्याचे काम महाराष्ट्रात नेटाने झाले ते मुंबईत. हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांचे विलेपार्ल्याचे ऑर्किड हॉटेल 1997 मध्ये सुरू झाले. बांधकामात औष्णिक केंद्रांची राख मिसळलेले सिमेंट वापरले गेले. खोलीत वातानुकूलनाचे तापमान दोन अंशांनी वाढवणारे बटण होते. बोलबाला बटणाचाच झाला. पण ऑर्किडला मिळालेल्या, पर्यावरणस्नेही हॉटेलांसाठीच्या इकोटेल मानांकनाच्या पाच कसोट्यांपैकी एक कर्मचाऱ्यांचे पर्यावरण-शिक्षण ही होती, आणि खोली आवरताना कागद, बाटल्या, ओला कचरा वेगळा करणारे हात तिच्यातूनच तयार होतात.

धरमपेठेतल्या छोट्या हॉटेलांना असे मानांकन परवडणारे नाही; तिथे बदल आला तो कायद्याने. 2016 च्या घनकचरा नियमांनी सर्व हॉटेलांना वर्गीकरण बंधनकारक केले; दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोलची ताटे बंद झाली. त्याच वर्षी 1 जुलैपासून कढईतल्या तेलावर निर्बंध आले: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यायचे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉस्टॅक’ योजनेत परवानाधारक हॉटेलात 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. त्या प्रशिक्षणाचा भर स्वच्छतेवर आणि अन्नाच्या सुरक्षेवर असतो. कचऱ्याच्या वर्गीकरणाचे धडे हॉटेलमालकालाच द्यावे लागतात, आणि माणूस बदलला की पुन्हा पहिल्यापासून.