किरळ आणि नॅनोकण

घाटनांदुरात आमचे आजोबा पाऊस ताणला की ज्वारीच्या शिवारात गुरं शिरू देत नसत. खुरटलेल्या कोवळ्या पोंग्यांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल वाढतं. हे नाव त्यांना ठाऊक नव्हतं; पण गाय झोकांडली, धापा टाकू लागली, की ‘किरळ लागली’ हे लांबूनच ओळखायचे.

ही पारख फार जुनी. विषाजवळ क्रौंच पक्षी बेभान होतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग उडतो, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. चकोराचं मला पटत नाही, पण वागण्यावरची ती नजर खरी. आज नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, विषारी आहेत का हे पाहायला तीच नजर लावतात: प्रयोगशाळेत चांदीचे नॅनोकण दिल्यावर झेब्राफिश किती पोहतो, उंदीर मोकळ्या जागेत येतो की कडेकडेनं फिरतो, हे कॅमेऱ्यानं मोजतात.

असे सूक्ष्म कण आता शेतातही पोचलेत: २०२१ साली पिकावर फवारायचा नॅनो युरिया बाजारात आला. शिवारात फवारायच्या प्रत्येक नव्या कणाची अशी तपासणी आधी व्हावी, आणि निकाल आम्हाला मराठीत मिळावा.