काल्पनिक नाणी आणि ऐतिहासिक साक्ष्य : 1818 च्या तथाकथित ‘कंपनी’ नाण्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना
नाणे हे राजसत्तेच्या अधिकाराने पाडले जात असल्यामुळे इतिहासलेखनात त्यास विश्वसनीय साधनाचे स्थान आहे. परंतु ज्या नाण्यामागे कोणतीच सत्ता उभी नाही, त्याचे साक्ष्य कसे वाचावे? एका बाजूस राम-सीता-लक्ष्मण किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’ असा इंग्रजी मजकूर असलेली नाणी महाराष्ट्रातील अनेक देवघरांत आढळतात. ‘दुर्मीळ’ म्हणून ती मोठ्या किमतीस विकलीही जातात. त्यामुळे हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही.

संकल्पना
टांकसाळीने मान्यतेपूर्वी चाचणीसाठी पाडलेले ते नमुना नाणे. अस्सल नाण्याची फसवी नक्कल म्हणजे खोटे नाणे. आणि ज्याचे मूळच अस्तित्वात नाही ते काल्पनिक नाणे होय. युरोची नाणी 1 जानेवारी 2002 रोजी व्यवहारात आल्यानंतर, युरो न स्वीकारलेल्या ब्रिटन, डेन्मार्क, स्वीडन या देशांच्या नावे खाजगी उत्पादकांनी संग्राहकांसाठी तथाकथित ‘नमुना युरो’ काढले. त्यांना नमुना म्हटले गेले तरी शासकीय आधाराअभावी ती काल्पनिकच ठरतात. युरोपीय संघाने 2004 च्या नियमाद्वारे युरोसदृश पदके व टोकन यांवर निर्बंध घातले.

1818 च्या नाण्यांची कसोटी
1818 साली पेशवाई संपुष्टात आली. मात्र कंपनीचे एकसमान चलन 1835 च्या कायद्याने सुरू झाले. तोपर्यंत मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांची नाणी भिन्न होती. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू व ‘अदल’ हा फारसी लिपीतील शब्द दिसतो; देवप्रतिमा नव्हे. एकसमान चलनात एक आण्याचे स्वतंत्र नाणे तर विसाव्या शतकाच्या आरंभी आले. तेव्हा ‘एक आणा, 1818’ हा मजकूर कालविसंगत आहे. याउलट अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस निघालेले राम-सीतेच्या प्रतिमांचे नाणे अस्सल शाही नाणे आहे. म्हणजे देवप्रतिमा हा एकमेव निकष ठरत नाही. प्रतिमा, मजकूर, मूल्य व वर्ष यांचा मेळ पाहावा लागतो.

स्थानिक दाखला
कोरलेला आकडाही तपासणीविना स्वीकारता येत नाही, याचे उदाहरण अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. तेथील शिलाहारकालीन लेखाचा शक आरंभी 782 असा वाचला गेला. पुढे तो 982, म्हणजे इ.स. 1060, असा निश्चित झाला. मंदिराचा लेख अस्सल असून वाचन चुकले होते. 1818 च्या नाण्यांत वाचन सोपे असून आकडाच खोटा आहे. दोन्ही ठिकाणी निर्णय बाह्य पुराव्यानेच होतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विद्यार्थ्यांस ही तुलना घराजवळच उपलब्ध आहे.

निष्कर्ष
काल्पनिक नाणे कंपनीच्या चलनाचा पुरावा नाही. तथापि ते निरर्थकही नाही. लोकश्रद्धा, धातूच्या टोकनांचा व्यापार आणि जुनेपणाविषयीचे आकर्षण यांचे ते साधन आहे. म्हणून देवघरातील असे नाणे घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यास ‘हे खोटे आहे’ एवढेच सांगणे अपुरे होय. त्या नाण्याचे पूजामूल्य अबाधित ठेवून त्याचे ऐतिहासिक मूल्य स्वतंत्रपणे तपासण्यास शिकविणे, हे इतिहासाच्या अध्यापनाचे कार्य आहे. असे शिक्षण मिळाल्यास कुटुंबांची होणारी आर्थिक फसवणूकही टळू शकेल.