भारतातील खुनांचे प्रमाण
भारतात खुनांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदलेल्या गुन्ह्यांवरून काढतात. ही आकडेवारी १९५३ पासून ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालात छापली जाते. आता तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी हे प्रमाण साडेचारच्या आसपास होते. २०२२ मध्ये २८,५२२ गुन्हे नोंदले गेले आणि दर २.१ वर आला, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ही घट खरी आणि मोलाची आहे. खून लपवणे चोरी किंवा विनयभंगाच्या तक्रारीइतके सोपे नसते, त्यामुळे दीर्घकालीन तुलनेसाठी हाच आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. मात्र त्यात गुन्हे मोजले जातात, मृत व्यक्ती नव्हेत. एका गुन्ह्यात अनेक बळी असू शकतात. शिवाय भारतीय दंड संहितेत १९८६ साली कलम ३०४-ब आले, तेव्हापासून हुंडाबळींची गणना वेगळी होते. २०२२ मध्ये अशी सहा हजारांहून अधिक प्रकरणे नोंदली गेली. खुनांच्या आकड्याशेजारी ती न ठेवता काढलेला निष्कर्ष स्त्रियांपुरता तरी अपुराच ठरतो. सदोष मनुष्यवधाचाही रकाना स्वतंत्र आहे.