द्रौपदी खरंच तसं म्हणाली होती? ‘महाभारत’ मालिकेत व्यासांचं किती, पटकथेचं किती

मयसभेत पाण्याला जमीन समजून दुर्योधन पडतो. द्रौपदी हसते आणि आंधळ्याचा मुलगाही आंधळाच, अशा अर्थाचं बोलून जाते. ही क्लिप रील्सवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही फिरते. सोबत ठरलेला निष्कर्ष असतो: एका बाईच्या जिभेमुळे महाभारत घडलं. पण भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या संहितेत द्रौपदीच्या तोंडी हे वाक्य नाही.

ते घराघरात पोहोचलं बी. आर. चोप्रा यांच्या दूरदर्शनवरच्या मालिकेतून. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात रविवारी सकाळी तिचे ९४ भाग दाखवले गेले. लॉकडाउनमध्ये, मार्च २०२० पासून, डीडी भारतीवर ती पुन्हा लागली आणि नव्या पिढीच्या हाती क्लिप्सचा साठा आला.

मुळात काय आहे हे ठरवायला पुण्याचा आधार घ्यावा लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. देशभरातली हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी या कामाची पद्धत घालून दिली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. जे श्लोक सर्वत्र आढळत नाहीत, नंतर भर पडलेले वाटतात, ते मुख्य संहितेतून काढून तळटिपांत किंवा परिशिष्टांत ठेवले गेले.

या आवृत्तीच्या सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदी तिथे असल्याचा उल्लेखच नाही. गंमत पुढे आहे. हस्तिनापुरात परतल्यावर दुर्योधन धृतराष्ट्रापुढे तक्रार करतो, तेव्हा तो कृष्ण-अर्जुनाबरोबर द्रौपदीचंही नाव घेतो. ती इतर स्त्रियांसह आपल्याला हसली, असं सांगतो. म्हणजे तिचं हसणं आपल्याला कळतं ते दुखावलेल्या दुर्योधनाच्या तोंडून. आंधळेपणाचा टोमणा तर त्याच्याही तक्रारीत नाही. निवेदकाने सांगितलेलं आणि पात्राने सांगितलेलं यांतलं हे अंतर ग्रंथात टिकतं. कॅमेऱ्याला मात्र प्रसंग दाखवावाच लागतो, आणि एकदा दाखवला की तो घडलेलाच ठरतो.

वस्त्रहरणाचंही तसंच. द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. वस्त्रं येत राहतात, पण ती कोण पुरवतं हे तिथे सांगितलेलं नाही. भर सभेत तिने विचारलेला पेच, म्हणजे स्वतःला आधी हरलेला युधिष्ठिर पत्नीला पणाला लावू शकतो का, हा त्या प्रसंगाचा कणा आहे. मालिकेत हा प्रश्न आहे, पण प्रेक्षकांच्या आठवणीत उरली ती न संपणारी साडी. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तो प्रसंगही मुख्य संहितेत नाही.

याचा अर्थ चोप्रांनी फसवलं असा नाही. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांनीही महाभारत आपापल्या परीने मराठीत सांगितलं, आणि मालिकेने घेतलेले बरेच प्रसंग परंपरेत आधीपासून रुळलेले होते. शिवाय मूळ रचना टीव्हीला अवघड. सौती नैमिषारण्यात ऋषींना कथा सांगतो, त्या कथेत वैशंपायन जनमेजयाला सांगतो, आणि त्याच्या पोटात आणखी कथा.

पटकथाकार राही मासूम रझा यांनी ही गुंतागुंत ‘समय’ या निवेदकाने सोडवली. हरीश भिमानी यांच्या आवाजातला हा काळ सगळं पाहिलेला, कुणाच्याही बाजूचा नसलेला. त्यामुळे तो जे सांगेल ते शेवटचं वाटतं. ‘आधा गाँव’ ही कादंबरी लिहिणारे रझा गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे. मुसलमान लेखकाने महाभारत का लिहावं, अशी पत्रं चोप्रांकडे आली तेव्हा रझांनी आपण गंगेचा पुत्र असल्याचं सांगत काम स्वीकारलं. मालिकेची सुरुवातही त्यांनी नेमकी निवडली: राजा भरत स्वतःच्या मुलांना डावलून भुमन्यूला युवराज करतो. राज्य जन्मावर मिळावं की लायकीवर, हा प्रश्न त्यामुळे पहिल्याच भागात येतो. लोकशाहीतल्या प्रेक्षकासाठी महाभारताचं दार त्यांनी तिथे उघडलं.

वगळलंही बरंच. शांतिपर्व हे महाभारतातलं सर्वांत मोठं पर्व. मालिकेत भीष्मांचा तो सगळा उपदेश थोडक्यात आटोपतो आणि त्यांच्या देहत्यागापाशी कथा थांबते. यादवांचा आपसातला संहार आणि पांडवांचं महाप्रस्थान त्यात येत नाही. हिमालयाच्या वाटेवर सर्वांत आधी कोसळते ती द्रौपदी. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये त्या क्षणावर लिहिलं आहे, तेही भांडारकरच्या याच संहितेचा आधार घेऊन.